विश्लेषण : एक सामना हरला की वर्ष संपलं! वसई-विरारच्या शाळकरी खेळाडूंना खेळायला मिळतं तरी किती?

१४ डिसेंबर २०२५. वानखेडे स्टेडियमवर लिओनेल मेस्सी उतरला आणि आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर दिवसभर तेच व्हिडिओ फिरत राहिले. त्याच कार्यक्रमात राज्य सरकारच्या ‘प्रोजेक्ट महादेवा’ या फुटबॉल योजनेची सुरुवात झाली. राज्यभरातून निवडलेली १३ वर्षांखालची ६० मुलं, त्यात ३० मुलगे आणि ३० मुली. त्यांना शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण मिळणार आहे. चांगली गोष्ट आहे.

याआधी असा मोठा दिवस आला होता १५ सप्टेंबर २०१७ ला. १७ वर्षांखालच्या मुलांचा फिफा विश्वचषक भारतात होणार होता आणि नवी मुंबईत त्याचे सामने होते. म्हणून राज्यात एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा अशी मोहीम काढली गेली. शाळांना फुटबॉल वाटले गेले. त्या दिवशी मुलं खेळली, फोटो निघाले.

या दोन मोठ्या दिवसांच्या मध्ये आठ वर्षं आहेत. त्या आठ वर्षांत नालासोपाऱ्याच्या, विरारच्या किंवा वसईच्या एखाद्या शाळेच्या संघाला दरवर्षी किती अधिकृत सामने खेळायला मिळाले असतील? पहिल्याच फेरीत हरणाऱ्या संघासाठी उत्तर सोपं आहे. शालेय स्पर्धेत वर्षाला एक.

हे असं का होतं, याने नुकसान कोणाचं होतं आणि हे बदलायला खरंच खूप पैसे लागतात का, ते समजून घेऊ.

शालेय स्पर्धा चालते कशी?

महाराष्ट्रात शालेय स्पर्धा भरवण्याचं काम क्रीडा व युवक सेवा संचालनालयाचं. जिल्ह्यात हे काम जिल्हा क्रीडा अधिकारी बघतात. वयाचे तीन गट असतात, १४ वर्षांखालील, १७ वर्षांखालील आणि १९ वर्षांखालील. म्हणजे साधारण पाचवी-सहावीपासून बारावीपर्यंतची मुलं यात येतात.

पायऱ्या अशा असतात. आधी तालुका किंवा महानगरपालिका, मग जिल्हा, मग विभाग आणि मग राज्य. राज्यात एकूण आठ विभाग आहेत. पालघर जिल्हा मुंबई विभागात येतो. या विभागात मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे आणि रायगडही आहेत. राज्याचा संघ पुढे राष्ट्रीय शालेय स्पर्धेला जातो. ती स्पर्धा स्कूल गेम्स फेडरेशन ऑफ इंडिया ही १९५४ साली स्थापन झालेली संस्था भरवते.

फुटबॉलसाठी याशिवाय सुब्रतो कप आहे. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने १९६० पासून ही शाळांची स्पर्धा होते. तिच्या प्राथमिक फेऱ्याही जिल्ह्यातूनच सुरू होतात.

कागदावर ही रचना उत्तम आहे. वसईच्या गावातल्या शाळेचा संघ चार पायऱ्या चढून थेट देशाच्या पातळीवर जाऊ शकतो. अडचण पहिल्या पायरीवर आहे, कारण बहुतेक ठिकाणी ही पायरी बाद पद्धतीने खेळवली जाते. हरलात की घरी.

एका सामन्याचं गणित

समजा एखाद्या शहरात १७ वर्षांखालच्या गटात ३२ शाळांनी नाव नोंदवलं. बाद पद्धतीत विजेता ठरवायला एकूण ३१ सामने लागतात. पहिल्या फेरीत १६ संघ बाहेर जातात. त्यांचा एकच सामना झालेला असतो. दुसऱ्या फेरीत आणखी ८ संघ जातात. म्हणजे ३२ पैकी २४ संघांचं वर्ष एका किंवा दोन सामन्यांत संपतं.

आता एका मुलीच्या किंवा मुलाच्या बाजूने बघा. आठवी, नववी, दहावी अशी तीन वर्षं ती शाळेच्या संघात आहे आणि संघ दरवेळी पहिल्या फेरीत हरतो. तीन वर्षांत तीन सामने. त्यातही ती राखीव खेळाडू असेल तर कदाचित एकही नाही. संघ एकदा सुरुवातीलाच तगड्या शाळेसमोर आला तर तेवढंही वर्ष गेलं. चिठ्ठी कशी निघाली यावर सगळं.

यात शिकायला वाव राहत नाही. पहिला सामना हरल्यावर काय चुकलं ते कळतं, दुसऱ्यात ते सुधारून बघता येतं, तिसऱ्यात थोडा आत्मविश्वास येतो. पहिल्याच सामन्यानंतर घरी गेलेल्या मुलाला हा दुसरा आणि तिसरा सामना मिळतच नाही. कोणताही प्रशिक्षक सांगेल की मुलं सरावाने जितकी शिकतात तितकीच सामन्याने शिकतात.

शिवाय बाद पद्धतीत ज्यांना खेळाची सर्वात जास्त गरज असते त्यांनाच सर्वात कमी खेळायला मिळतं. ज्या शाळेकडे मैदान आहे, कोच आहे, बूट आहेत, ती शाळा जिंकते आणि तिला पाच सामने मिळतात. ज्या शाळेकडे यातलं काहीच नाही, तिला एक.

मग बाद पद्धतच का?

यात कोणी मुद्दाम वाईट वागतं असं नाही. कारणं व्यवहाराची आहेत.

पहिलं कारण कॅलेंडर. फुटबॉलच्या फेऱ्या पावसाळ्यात सुरू होतात. वसईत जुलै-ऑगस्टमध्ये मैदानाचं तळं झालेलं असतं. पुढे गणपती, मग सत्र परीक्षा, मग दिवाळी. वरच्या फेरीची तारीख ठरलेली असते, त्यामुळे खालची फेरी दोन-चार दिवसांत उरकावी लागते.

दुसरं कारण माणसं. स्पर्धेच्या दिवशी फक्कीने मैदान आखणं, शिट्टी वाजवणं, गुणपत्रक लिहिणं, मुलांची वयाची कागदपत्रं तपासणं ही कामं बहुतेक वेळा वेगवेगळ्या शाळांचे पीटीचे सरच करतात. शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शंभरहून जास्त मुलं असलेल्या शाळेत कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अर्धवेळ निदेशक असावेत असं म्हटलं आहे. अर्धवेळ माणसाकडून शाळेचा संघ वर्षभर घडवण्याची अपेक्षा किती करणार?

तिसरं कारण सर्वात महत्त्वाचं. या स्पर्धेचा उद्देशच निवड हा आहे. वरच्या पायरीला एक संघ हवा असतो. तो लवकरात लवकर मिळाला की खालच्या यंत्रणेचं काम संपतं. बाकीच्या ३१ शाळांच्या मुलांना खेळवणं ही कोणाचीच लेखी जबाबदारी नाही.

गुण, नोकरी आणि प्रमाणपत्र

याला आणखी एक बाजू आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे वाढीव गुण मिळतात. स्पर्धेचा स्तर जितका वरचा, तितके गुण जास्त. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी ठरावीक स्तरावरची कामगिरी आणि तिचं प्रमाणपत्र लागतं.

या सवलती योग्यच आहेत. गावाकडच्या कितीतरी मुलामुलींना पोलीस, शिक्षण किंवा महसूल खात्यात खेळामुळे नोकरी लागली आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की स्पर्धेचं मोल प्रमाणपत्रात मोजलं जाऊ लागलं. काही पालक ‘यात किती मुलं खेळतात’ यापेक्षा ‘यात किती संघ उतरतात’ हे आधी विचारतात, कारण कमी संघांच्या खेळात राज्यापर्यंत पोहोचणं सोपं. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचे प्रकारही राज्यात उघडकीस आले आणि नोकरीआधी प्रमाणपत्राची पडताळणी कडक करावी लागली.

फुटबॉल आणि मैदानी खेळांचं नुकसान इथेच होतं. या खेळांत स्पर्धा मोठी असते आणि प्रमाणपत्र मिळण्याची शक्यता कमी. त्यामुळे दहावीच्या वर्षात ‘आता खेळ बंद, क्लास सुरू’ हा निर्णय घ्यायला घरच्यांना फार वेळ लागत नाही.

टेक्सासमध्ये नेमकं काय वेगळं आहे?

शालेय खेळाचं टोकाचं उदाहरण बघायचं तर अमेरिकेतलं टेक्सास राज्य बघावं लागतं. तिथे ‘फुटबॉल’ म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकन फुटबॉल. आपला फुटबॉल तिथे सॉकर म्हणून ओळखला जातो. तिथल्या शालेय स्पर्धा युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग ही संस्था १९१० पासून चालवते.

शुक्रवारी रात्री अख्खं गाव शाळेचा सामना बघायला जातं, हे आपण सिनेमा-मालिकांत पाहिलेलं असतं. डॅलसजवळच्या ॲलन या गावात २०१२ साली एका हायस्कूलसाठी १८ हजार प्रेक्षकांचं स्टेडियम उभं राहिलं. खर्च सुमारे ६ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने ३०० कोटी रुपयांहून जास्त. दोन वर्षांत त्याच्या काँक्रीटला तडे गेले आणि ते दुरुस्तीसाठी बंद ठेवावं लागलं. आपल्या चर्चेत टेक्सासचं नाव आलं की बहुतेकदा याच गोष्टी सांगितल्या जातात.

आपल्या कामाच्या गोष्टी मात्र वेगळ्या आहेत आणि त्या स्टेडियमपेक्षा खूप स्वस्त आहेत.

एक, प्रत्येक शाळेला नियमित मोसमात १० सामने मिळतात. संघ पहिले पाच हरला तरी उरलेले पाच खेळतो. जवळपासच्या काही शाळांचा एक गट असतो आणि त्या एकमेकींशी साखळी पद्धतीने खेळतात. बाद फेरी त्यानंतर सुरू होते.

दोन, शाळांचे गट विद्यार्थिसंख्येवरून पाडले जातात. दोन हजार मुलांची शाळा आणि दोनशे मुलांची शाळा पहिल्याच फेरीत समोरासमोर येत नाहीत.

तीन, अगदी छोट्या शाळांसाठी खेळच छोटा केला आहे. अकरा मुलं जमत नसतील तर सहा जणांचा फुटबॉल. त्याचं मैदानही लहान असतं. मुलं कमी आहेत म्हणून शाळा स्पर्धेबाहेर जात नाही.

चार, १९८४ पासून तिथे एक कायदा आहे. विषयात किमान ७० गुण नसतील तर खेळाडूला काही काळ सामन्याबाहेर बसावं लागतं. आपल्याकडे खेळल्याबद्दल गुण मिळतात, तिथे खेळायला मिळावं म्हणून गुण आणावे लागतात. याचा अर्थ तिथे खेळणं हेच बक्षीस आहे, कारण ते दर आठवड्याला मिळतं.

टेक्सास म्हणजे आदर्श, असं मात्र नाही. त्या खेळात डोक्याला होणाऱ्या दुखापतींचा प्रश्न गंभीर आहे. अमेरिकेत कॉलेजच्या खेळात तर इतका पैसा आला आहे की जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर मोठी विद्यापीठं खेळाडूंना वर्षाला मिळून सुमारे २ कोटी डॉलरपर्यंत थेट रक्कम देऊ शकतात. तो रस्ता आपला नाही. पण ‘प्रत्येक संघाला ठरलेले सामने’ ही कल्पना उचलायला डॉलर लागत नाहीत.

वसई-विरारमध्ये मैदानं आहेत की नाहीत?

‘साखळी सामने घ्यायला मैदानं कुठे आहेत?’ हा पहिला प्रश्न येतो. तो खरा आहे, पण अर्धा.

२००९ मध्ये विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. त्यानंतर शहर किती वाढलं ते सकाळी विरारच्या फलाटावर उभं राहिलं की कळतं.

रेल्वे रुळांच्या पश्चिमेला अजून वेगळं चित्र दिसतं. पापडी, सांडोर, गिरीज, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या पट्ट्यात गावाची आणि चर्चची मोकळी जागा टिकून आहे. इथल्या ख्रिस्ती गावांत फुटबॉल जुना आहे. पावसात, चिखलात गावागावांचे सामने रंगतात. वसईचं चिमाजी अप्पा मैदान तर सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबरअखेर तिथे वसई तालुका कला-क्रीडा महोत्सव भरतो आणि शाळा-कॉलेजची हजारो मुलं त्यात उतरतात.

रुळांच्या पूर्वेला, खास करून नालासोपारा पूर्वेला, चाळी आणि इमारती इतक्या खेटून आहेत की मुलं दोन इमारतींच्या मधल्या गल्लीत खेळतात. काही शाळा इमारतीच्या दोन-तीन मजल्यांवरच भरतात. शिक्षण हक्क कायद्यातल्या निकषांमध्ये खेळाचं मैदान स्पष्ट लिहिलेलं आहे. पण एकदा जमीनच भरली की निकष पाळायचा कुठे?

आरक्षित भूखंडांचं या शहरात काय होतं याचं ताजं उदाहरण अग्रवाल नगरीचं आहे. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या आणि शेकडो कुटुंबं रस्त्यावर आली. सांडपाण्याशिवाय शहर चालत नाही, तरी ती जमीन वाचली नाही. मग खेळाच्या मैदानासाठी राखलेला भूखंड कोण वाचवणार?

आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. आंतरराष्ट्रीय मापाचं फुटबॉलचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे पावणेदोन एकरांच्या आसपास. ४०० मीटरचा आठ लेनचा ट्रॅक करायचा तर साधारण चार एकर. एवढी सलग जागा प्रत्येक शाळेला मिळणं आता शक्य नाही. पण सात जणांचा फुटबॉल अर्ध्या मैदानात होतो. पाच जणांचा त्याहूनही कमी जागेत.

धावणाऱ्या मुलांचं काय?

फुटबॉलमध्ये निदान साठेक मिनिटं तरी मिळतात. मैदानी स्पर्धेत १०० मीटर धावणाऱ्या मुलाचं वर्ष बारा-तेरा सेकंदांत संपतं. प्राथमिक फेरीत मागे पडला की झालं. लांब उडीला काही प्रयत्न मिळतात, गोळाफेकीला काही.

या खेळांची एक सोय मात्र आहे. इथे प्रतिस्पर्धी नसला तरी स्वतःच्या वेळेशी स्पर्धा करता येते. महिन्यातून एकदा शाळेच्या आवारात किंवा जवळच्या मोकळ्या जागेत मुलांची वेळ मोजून वहीत लिहिली, तर वर्षाला दहा नोंदी होतात. जूनमध्ये १४.८ सेकंद लावणारी मुलगी फेब्रुवारीत १३.९ वर आली, हे तिला आणि तिच्या घरच्यांना दिसतं. त्यासाठी एक मोजपट्टी, फक्की आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच पुरतं.

शहराला धावण्याची आवड नाही असं कोणी म्हणू नये. वसई-विरार महापौर मॅरेथॉन २०११ पासून भरते. करोनाचा खंड सोडला तर डिसेंबरातला तो रविवार इथला सणच असतो. पहाटे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे राहतात, शाळेची मुलं ढोल-ताशा वाजवतात, देशातले नावाजलेले धावपटू येतात. एवढी मोठी स्पर्धा भरवू शकणाऱ्या शहराला शाळांसाठी महिन्यातून एक साधी मैदानी स्पर्धा अवघड नाही.

पालघर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जव्हार-मोखाडा-डहाणूत, आश्रमशाळांच्या मुलांच्या स्पर्धा आदिवासी विकास विभाग वेगळ्या भरवतो. डोंगर चढून शाळेत जाणाऱ्या मुलांत किती दम असतो हे नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दाखवलं आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १० हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकलं.

मग मोठे खेळाडू येतात कुठून?

महाराष्ट्र खेळात मागे आहे का? आकडे तसं म्हणत नाहीत. खेलो इंडिया युवा स्पर्धेत महाराष्ट्राने २०१९, २०२०, २०२३, २०२४ आणि २०२५ अशी पाच वेळा पदकतालिकेत पहिली जागा घेतली. २०२५ मध्ये बिहारला झालेल्या स्पर्धेत राज्याला ५८ सुवर्णांसह १५८ पदकं मिळाली.

म्हणजे निवडलेल्या मुलांवर मेहनत घेतली तर निकाल येतो. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीने हेच केलं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे २००९ साली याच प्रबोधिनीत दाखल झाला होता. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधवही तिथूनच पुढे आला.

अनिकेतच्या गावाचाही यात वाटा आहे. कोल्हापुरात तालमींचे संघ, त्यांचे समर्थक आणि शाहू स्टेडियमवरची केएसएची साखळी स्पर्धा यामुळे मुलगा लहानपणापासून मोसमभर फुटबॉल बघतो. शाळेने खेळवलं नाही तरी पेठ खेळवते.

प्रश्न आहे तो निवडीआधी हरवणाऱ्या मुलांचा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाला. सियाचीनमध्ये राहिला, राजस्थानात राहिला आणि २०१५ नंतर सैन्याच्या क्रॉस कंट्रीतून धावपटू झाला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य जिंकलं आणि २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. एवढा दमदार धावपटू घडला तो सैन्यात. सैन्यात गेला नसता तर?

आणि विरारचं सर्वात गाजलेलं शालेय खेळाचं नाव बघा. पृथ्वी शॉ. लहानपणी तो वडिलांबरोबर पहाटेची लोकल पकडून विरारहून वांद्र्याला सरावाला जायचा. पुढे कुटुंब सांताक्रूझला राहायला गेलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये त्याने ५४६ धावा केल्या त्या वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून. मुंबईत शालेय खेळासाठी १८९३ पासून मुंबई शालेय क्रीडा संघटना आहे, जुन्या स्पर्धा आहेत, आझाद मैदान आहे. विरारच्या मुलाला मोठं व्हायला विरार सोडावं लागलं. ज्याचे वडील रोज सोबत लोकलने जाऊ शकत नाहीत, त्या मुलाने काय करायचं?

कॉलेजमध्ये गेल्यावर तरी?

वसई-विरारची कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी जोडलेली आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा असा हा रस्ता आहे. विद्यापीठाचं जुनं क्रीडा संकुल मरीन लाइन्सला आहे. विरारहून सुमारे ६० किलोमीटर. सकाळच्या गर्दीत किट घेऊन लोकलमध्ये चढायचं, एक शर्यत धावायची आणि परत यायचं.

प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थी जिमखाना फी भरतो. पावतीवर ती वेगळी छापलेली असते. त्या फीमधून वर्षात किती सामने झाले, किती मुलं आणि किती मुली मैदानात उतरल्या, हे कॉलेजने वर्षअखेरीस फलकावर लावलं तर चर्चा आपोआप सुरू होईल. मुलींचा आकडा तर जरूर लावावा. अकरा मुली जमत नाहीत म्हणून संघच उतरवला नाही, हे उत्तर सात जणींच्या स्पर्धेत चालणार नाही.

काय करता येईल?

पुन्हा त्या ३२ संघांकडे येऊ. चार-चार संघांचे आठ गट केले तर प्रत्येक गटात ६ सामने, एकूण ४८. गटविजेत्या आठ संघांची बाद फेरी ७ सामन्यांची. बेरीज ५५. बाद पद्धतीपेक्षा २४ सामने जास्त. सात जणांचा, छोट्या वेळेचा सामना ठेवला तर एका मैदानावर दिवसाला ८ सामने होतात. म्हणजे एका मैदानाचे फक्त तीन दिवस वाढतात. त्या बदल्यात प्रत्येक शाळेला किमान तीन सामने मिळतात.

वरच्या फेरीला अकरा जणांचाच संघ पाठवायचा असेल, तर निवडीची स्पर्धा आहे तशी चालू राहू दे. ही साखळी पाऊस संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत वेगळी घेता येईल. पश्चिमेच्या गावांची मैदानं आणि पूर्वेच्या शाळा यांची जोडी लावता येईल. पालिका, चर्चच्या समित्या, गावची मंडळं आणि पीटीचे शिक्षक एका टेबलावर बसले तर यातलं काहीच अशक्य नाही. पंच म्हणून त्याच शाळांतून बाहेर पडलेली कॉलेजची मुलं उभी राहू शकतात. त्यांनाही खेळाशी जोडलेलं राहता येईल.

पालक म्हणून तुम्ही शाळेच्या पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारू शकता. गेल्या वर्षी शाळेचे संघ एकूण किती सामने खेळले? त्यात किती वेगवेगळी मुलं आणि मुली उतरल्या? आणि शाळा सुटल्यावर मैदान किती वाजेपर्यंत उघडं असतं?

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहे. २०३६ चं ऑलिम्पिक भारतात आणायचा प्रयत्न चालू आहे. आज विरारमध्ये सहावी-सातवीत असलेली मुलगी २०३० साली सोळा-सतरा वर्षांची असेल आणि २०३६ ला ऐन भरात. तिच्या शाळेचा संघ यंदा पहिल्या फेरीत हरला, तर तिचा पुढचा अधिकृत सामना थेट पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात आहे.